जुनी पिकअप घेताय? बोनेट नंतर उघडा, आधी गाडीखाली जा

वाचकाचं पत्र: नमस्कार काका. मी मोहोळ तालुक्यातला, वय 26. घरचा कांदा आहे, चार म्हशी आहेत. दर सीझनला सोलापूर मार्केट यार्डात कांदा न्यायला भाड्याची गाडी करतो, त्यातच निम्मे पैसे जातात. अण्णा म्हणाले एखादी जुनी पिकअप बघ. दोन बघितल्यात. एक 2014 ची बोलेरो पिकअप, 3 लाख 10 हजार म्हणतोय, मीटरला 1 लाख 12 हजार किलोमीटर, इंजिन सीलबंद आहे, म्हणजे कधी उघडलेलं नाही म्हणतो, नुकताच कलर मारलाय, दिसायला एकदम कडक. दुसरी 2017 ची, तिच्यावर फायनान्सचे 14 हप्ते बाकी आहेत, मालक म्हणतो दोन लाख रोख द्या, हप्ते तुम्ही भरा, नोटरी करून देतो, हप्ते संपले की नावावर करू. आई म्हणते कर्ज काढून नवीच घे. कुठली घेऊ आणि काय काय बघू?

उत्तर:

बाळा, वयानं तू माझ्या पोराच्या बरोबरीचा म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. पहिल्यांदा त्या 2017 च्या गाडीचं बोलतो. तो म्हणतोय त्या पद्धतीनं ती गाडी घ्यायची नाही. किती का स्वस्त पडेना.

नोटरी केली म्हणजे गाडी तुझी झाली असं होत नसतंय. मालक तोच, ज्याचं नाव आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर. आणि आरसीवर फायनान्सचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद असेल तर फायनान्स कंपनीच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होतच नाही. म्हणजे 14 महिने हप्ते तू भरणार, टायर तू टाकणार, सर्व्हिसिंग तू करणार आणि गाडी त्याची. मधेच त्यानं तिथलंच दुसरं कर्ज थकवलं, भावाभावांत वाटणी निघाली, माणूसच राहिला नाही, नाहीतर सरळ नियत फिरली, तर तुझ्या हातात काय, तर स्टॅम्पचा एक कागद. फायनान्सवाले गाडी ओढून यार्डात लावतात तेव्हा ते नोटरी वाचत बसत नाहीत. अपघात झाला तर आणखी गुंता, कारण इन्शुरन्स त्याच्या नावावर, केसमधे नाव त्याचं, आणि गाडी चालवणारा तू.

शिवाय हे बघ, गाडी 2017 ची आणि हप्ते अजून चालू, म्हणजे हे नव्या गाडीचं कर्ज नसणार, गाडीवर मागून परत पैसे उचललेले दिसतात. त्या माणसाला मी वाईट म्हणत नाही, धंद्यात अडचण कुणालाही येते, पण ज्याला गाडीवर पैसे उचलायची वेळ आली त्यानं इंजिन ऑइल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलले असतील का, एवढं मात्र मनाशी धर.

तरीही तीच गाडी आवडली असेल तर सरळ रस्ता आहे. दोघं मिळून फायनान्सच्या ऑफिसात जा, आजच्या तारखेला कर्ज बंद करायला किती लागतात त्याचं लेखी पत्रक घ्या, तेवढी रक्कम तू तुझ्या खात्यावरून थेट त्या लोन अकाउंटला भर, मालकाच्या हातात नाही. मग कंपनीची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 घ्यायचा, आरसीवरचा बोजा उतरवायचा, गाडी नावावर करायची आणि उरलेले पैसे मालकाला द्यायचे. याला तो तयार झाला तर तीही गाडी पुढं सांगतो तशी तपासून घे. नाही झाला तर चहा पिऊन घरी ये.

आता 2014 ची. तू लिहिलंयस की दिसायला एकदम कडक, नुकताच कलर मारलाय. बाळा, मला त्या कलरचीच काळजी वाटते. एवढ्या वर्षांची माल वाहणारी गाडी विकायच्या आधी कुणी हौसेनं कलर मारत नाही. आत सडका पत्रा असतो, पुट्टी असते, वेल्डिंग असतंय, ते झाकायला मारतात. कलर आहे म्हणून गाडी वाईटच असं नाही, पण 3 लाख 10 हजारातले कलरचे किती आणि गाडीचे किती ते तुला कळायला पाहिजे.

गॅरेजात आयुष्य गेलं, त्यावरून एक गोष्ट सांगतो, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. इंजिन बांधता येतंय, गिअरबॉक्स बांधता येतोय, टायर बॅटरी क्लच सगळं पैशानं होतंय, त्याचा भाव काढायचा आणि किमतीतून वजा करायचा. पण चेसी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, गेली आणि कागद बिघडले तर ती गाडी फुकट दिली तरी महाग. लोक उलटं करतात, अर्धा तास इंजिनाचा आवाज ऐकत उभे राहतात आणि खाली एकदाही वाकून बघत नाहीत.

आणि खाली वाकायच्या आधी मालकाला विचार, ही गाडी आजपर्यंत काय काय वाहत होती. किलोमीटर नंतर विचार, माल आधी. दुधाला चाललेली गाडी किलोमीटर लई करते, सारखं थांब-चल म्हणून क्लच आणि ब्रेक खाते, पण चेसीला त्रास कमी. पाण्याचे जार टाकणारी गाडी शहरातच फिरते, किलोमीटर कमी दिसतात, पण हौद्याचा, म्हणजे मागं माल भरायच्या जागेचा, पत्रा बारा महिने ओला, खालून सडतो. खताची गाडी असली तर जास्त सावध, युरियाच्या सांडलेल्या दाण्यांनी हौद्याच्या कोपऱ्यात आणि खाली चेसीवर लोखंड अक्षरशः पापुद्र्यानं निघतं. उजनीची मासळी नेणारी असेल तर बर्फाचं पाणी सतत खाली गळत राहतंय, तिथंही तेच. आणि वीट, वाळू, कांदा यांची गाडी म्हणजे ओव्हरलोड. सव्वा टनाची गाडी असेल तर 50 किलोच्या 25 पिशव्यांत तिचा माल पुरा होतो, आपल्याकडं यार्डात कांदा घेऊन आलेल्या पिकअपमधे किती पिशव्या असतात ते तू स्वतः बघितलंयसच. मालक खरं सांगेलच असं नाही, पण हौद्याच्या फळ्यांच्या फटीत, कोपऱ्यात, सीटच्या मागं काय सापडतं ते बघ, विटेची लाल भुकटी, कांद्याचं टरफल, खताचे दाणे, हे काढायला कुणी बसत नाही. आणि त्याच्या गावात, पंपावर, पंक्चरवाल्याकडं सहज विचार, ही गाडी कशाला चालते. पंक्चरवाल्याला सगळं माहीत असतंय.

आता खाली. पोतं टाक, मोबाईलचा टॉर्च, एक जुना स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी. पिकअप उंच असते, जॅक लावायची गरज नाही, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच जायचं नाही. सपाट जागेवर हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून आत सरक. चेसीचे दोन लांब बीम दिसतील, ते पुढून मागपर्यंत हातानं चाचपत जा. सगळ्यात जास्त लक्ष दोन ठिकाणी, केबिन संपून हौदा सुरू होतो तिथं आणि मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, जिथं चेसीच्या हँगरला अडकवलेत तिथं. ओव्हरलोडनं चेसी फाटते ती बहुतेक इथंच. फाटायला लागलेली चेसी आधी मोठी दिसत नाही, केसाएवढी रेघ असते आणि त्या रेघेतून तांबूस गंज झिरपून खाली ओघळलेला असतो. टॉर्च समोरून मारू नको, बाजूनं तिरका मार, म्हणजे रेघ उठून दिसते. कंपनीचं वेल्डिंग एकसारखं सरळ असतंय, रस्त्यावरचं वेल्डिंग गोळ्या-गोळ्याचं, मधेच जळालेलं. वरून पट्टी मारून जाड केलेली चेसी दिसली, तर ती पट्टी कशासाठी मारली ते स्पष्ट विचार, आणि उत्तर पटलं नाही तर ती गाडी सोड. नुकताच काळा रंग मारलेला असेल तर स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून बघ, मालकाला आधी सांगून. हातोडीनं हळू ठोक, चांगलं लोखंड टण्ण वाजतं, सडलेलं भद्द वाजतं आणि खाली पापुद्रे पडतात. तोंड बाजूला ठेव, डोळ्यात जातात.

तिथंच पडल्या पडल्या पाटे मोज, डावी-उजवी सारखे आहेत का. एखादा पाटा जास्तीचा टाकलेला असतोच, त्याला मी नाव ठेवत नाही, पण दोन-तीन जाडजूड पाटे वाढवलेले असतील तर ती गाडी काय वाहत होती हे तुला कुणाला विचारायची गरज नाही. तुटलेला पाटा, ढिले यू-बोल्ट बघ. डिफरन्शियलच्या आणि गिअरबॉक्सच्या खाली ऑइलचा ओला थर असतोच जुन्या गाडीला, थेंब गळतोय का ते महत्त्वाचं. प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा दांडा, हातानं गोल हलवून बघ, त्याच्या जोडातले क्रॉस गेले असतील तर खटखट लागतं. बाहेर आलास की टेप घेऊन जमिनीपासून हौद्याच्या दोन्ही मागच्या कोपऱ्यांची उंची मोज, ती सारखी यायला पाहिजे.

आणि एक अगदी सोपी परीक्षा आहे, बरेच लोक करत नाहीत. डांबरी रस्त्यावर बादलीभर पाणी आडवं ओत, मालकाला गाडी त्यावरून सरळ चालवत पुढं न्यायला सांग आणि चाकांचे ओले पट्टे बघ. मागच्या चाकांचा पट्टा पुढच्याच्या मानानं दोन्ही बाजूला सारखा पडायला पाहिजे. एका बाजूला सरकलेला असेल तर गाडी पळणाऱ्या कुत्र्यासारखी तिरकी चालते, म्हणजे एक्सल सरकलाय नाहीतर चेसी वाकलेली आहे, आणि वाकायचं कारण बहुतेक अपघात. एक्सल सरकलेला असेल तर दुरुस्त होतो. चेसी असेल तर हात जोड.

किलोमीटरचा हिशोब तर तुलाच करता येईल. वर्षाचे 300 दिवस, रोज फक्त 50 किलोमीटर धरले तरी वर्षाला 15 हजार, दहा वर्षांत दीड लाख. भाड्याची पिकअप रोज 50 वर थांबत नसते. मग 1 लाख 12 हजार कसे? गाडी खरंच घरच्या शेतीपुरतीच चालली असेल तर असू शकतं, नाहीतर मीटर बंद होता किंवा फिरवलेला. क्लचच्या पेडलचं रबर, ड्रायव्हर सीट, स्टिअरिंगची झीज बघ, ड्रायव्हरचा दरवाजा उचलून बघ किती हलतो. कंपनीच्या वर्कशॉपला सर्व्हिसिंग झालं असेल तर गाडी नंबरवर तिथं किलोमीटरची नोंद असते, मालकाला सोबत घेऊन जाऊन काढ.

आता इंजिन. जायच्या आधी मालकाला फोन करून सांग की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि गेल्यावर पहिल्यांदा इंजिनवर हात ठेव. गरम लागलं तर ओळख, थंड इंजिन चालू व्हायला त्रास देत असणार म्हणून आधीच तापवून ठेवलंय. त्या दिवशी परत ये, दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी जा. थंडीत डिझेल गाडी चालू होताना थोडा पांढरा धूर सोडते, तो लगेच गेला पाहिजे, जात नसेल तर कॉम्प्रेशन नाहीतर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या हेडखालच्या पॅकिंगचा, संशय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय, रिंग गेल्यात किंवा टर्बो. अॅक्सिलरेटर दाबल्यावर काळा धूर म्हणजे बहुतेक इंजेक्टर, पंप किंवा नुसता चोक झालेला एअर फिल्टर, म्हणून आधी फिल्टर काढून बघ.

मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढ आणि तसंच तोंडावर उलटं ठेव. थोडी वाफ सगळ्यांनाच येते. पण झाकण थडाथडा उडायला लागलं, इंजिनाच्या ठोक्याबरोबर धूर फुंकल्यासारखा यायला लागला तर बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलिंडरमधला दाब खाली निसटतोय, त्या इंजिनाचं काम निघणार. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या चहासारखा फेस दिसला तर ऑइलमधे पाणी. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नको, डिझेलचं ऑइल लवकर काळं होतंच.

आणि ते सीलबंद. हेडच्या जोडातून लाल-काळं सिलिकॉन बाहेर आलेलं दिसलं, बोल्टच्या डोक्यांवर पान्याचे घाव दिसले तर इंजिन उघडलेलं आहे. उघडलेलं असणं वाईट नाही बरं का, चांगल्या मेस्त्रीनं बांधलं असेल, पार्टची बिलं असतील, तर मी ते तीन लाख चाललेल्या सीलबंद इंजिनापेक्षा आवडीनं घेईन. वाईट एवढंच की मालक खोटं बोलला, आणि जो इंजिनाबद्दल खोटं बोलला तो बाकीचंही खरं सांगेल असं धरू नको.

रेडिएटर थंड असतानाच उघडायचा. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, क्षाराचं, आणि निम्मे ड्रायव्हर कूलंट सोडून तेच ओततात. आत पांढरा थर, तांबडं पाणी दिसलं तर रेडिएटर चोक झालेला असणार, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात भरल्या गाडीचं हेड त्यानंच जातं. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा इंजिन चालू असताना सारखे बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट.

चालवून बघायची ती माल भरून. आपला मुलूख सपाट, मोहोळ-सोलापूर हायवेला रिकामी पिकअप कुठलीही झकास पळते, त्यात काही कळत नाही. हौद्यात टनभर काहीतरी टाक, खतं, खडी, शेजाऱ्याची पेंड, आणि जमलं तर तुळजापूर घाटाला घाल. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी वेग घेत नाही, तिथं लगेच कळेल. उतारावर पाय सोडल्यावर गिअर सुटून न्यूट्रल होतोय का बघ. मागून घरघर येत असेल आणि वेग बदलला की आवाज बदलत असेल तर क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलमधले गिअर, किंवा बेअरिंग. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंगला किती प्ले आहे. वर पोचल्यावर टेंपरेचरचा काटा बघ, पाच मिनिटं आयडलिंगला ठेव आणि परत एकदा धूर बघ. घाटाला न्यायला मालक नाही म्हणाला तर जवळचा कुठलाही उड्डाणपूल चालेल, पण माल भरूनच.

टायरचं लवकर सांगतो. टायरच्या बाजूवर चार आकडी नंबर असतो, 2319 असेल तर 2019 च्या 23 व्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही असू दे, सहा-सात वर्षांच्या वरचा टायर भरल्या गाडीला धरू नको.

आता कागद. आरसीवरचा चेसी नंबर आणि चेसीवर ठोकलेला नंबर एकेक अक्षर जुळवून बघ, जागा पुसून, कानशीनं घासल्यासारखी वाटली तर तिथून निघ. इंजिन नंबरही तसाच. नंबरवरून परिवहनच्या अॅपवर बोजा, फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी कळतं, ई-चलन किती थकलेत तेही बघ, ते मालकानं भरल्याशिवाय इसार द्यायचा नाही. मालवाहू गाडीची फिटनेस पहिली 8 वर्षं दोन-दोन वर्षांची मिळते, त्यानंतर दरवर्षी करावी लागते, म्हणजे या गाडीला आता दरवर्षी. गाडीचं वय वाढेल तशी फीही वाढते, ते खर्चात धर. फिटनेस संपलेली असेल तर करून दे म्हणावं, तुझ्या गळ्यात घेऊ नको. 15 वर्षं झाली की गाडी स्क्रॅप करावीच लागते असं गावात बोलतात, आपल्याकडं खासगी मालकाच्या गाडीला तसं नाही, फिटनेस पास झाली तर चालते, पण पास व्हायला ती तशी असावी लागते. आरसीवर एकूण वजन 3000 किलोच्या वर असेल तर परमिटही लागतं. जुन्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, बसवलीय का बघ. आणि गाडी बीएस-3 की बीएस-4, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या कुठल्या नियमातली, तेही आरसीवरूनच बघ. 2010 साली बीएस-4 लागू झालेल्या पहिल्या 13 शहरांत सोलापूर होतं, पण बाकीकडं ते उशिरा आलं, त्यामुळं 2014 च्या गाड्यांत दोन्ही सापडतात, आणि पंप-इंजेक्टरचा खर्च त्यावर ठरतो.

गाडी एमएच-13, म्हणजे सोलापूर पासिंगची आहे का ते तू लिहिलं नाहीस. विजापूर, कलबुर्गी पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात, पण तिकडची एनओसी आणि इकडचा टॅक्स धरला की स्वस्ताई संपते.

लायसन्सचं विचारलं नाहीस तरी सांगतो. तुझ्याकडं साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स असेल तर 7500 किलोच्या आतली मालवाहू गाडी त्याच्यावर चालवता येते, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मधे हे स्पष्ट केलंय. वेगळ्या बॅजसाठी कुणाला पैसे देऊ नको.

आईचं म्हणणं उडवून लावू नको, त्यात तथ्य आहे. नवी गाडी म्हणजे वॉरंटी आणि डोक्याला शांतता. पण हप्ता बारा महिने आणि कांदा काही महिने. उरलेल्या महिन्यांत गाडीला काय काम मिळेल ते आधी शोध, गावातल्या डेअरीचं दूध, शेजाऱ्यांचा माल, कुणाशी पक्की बोली होते का. होत असेल तर नवीचा विचार कर. नाहीतर जुनीच बरी, पण गाडीच्या किमतीच्या वर निदान 50-60 हजार दुरुस्तीला बाजूला ठेवून. सगळे पैसे गाडीतच घातले आणि पहिल्याच महिन्यात क्लच गेला तर गाडी दारात उभी राहते.

तपासताना तुझ्या ओळखीचा मेस्त्री सोबत ने, विकणाऱ्यानं सुचवलेला नको, आणि त्याची दिवसाची मजुरी दे. जे जे निघेल ते वहीत लिही, प्रत्येकाचा खर्च त्याच्याकडून काढून घे आणि मग किंमत बोल. चेसी आणि कागद चांगले निघाले तर खर्चाची यादी कितीही लांब असली तरी घाबरू नको, तेवढे पैसे कमी कर म्हणून सांग आणि गप्प बस. चेसी चांगली नसेल तर किंमत बोलूच नको.

व्यवहार ठरला की पैसे बँकेतून दे, गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच दिवशी घे, आणि डिलिव्हरीच्या पावतीवर तारीख तर लिहीच, वेळही लिही, कारण त्या वेळेच्या आधीचं चलन त्याचं आणि नंतरचं तुझं. गाडी नावावर करायचा अर्ज 30 दिवसांच्या आत, इन्शुरन्स कंपनीला 14 दिवसांच्या आत कळव. आरसी तुझ्या नावानं हातात येईपर्यंत ठरलेल्या रकमेतले वीस-पंचवीस हजार मागं ठेव आणि तसं इसारपावतीतच लिहून घे, मग नंतर त्याला फोन करून बोलवायची पाळी येत नाही.